तुझ्या तळ्याचं पान

ताई, आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचता वाचता तू रागावणार नाहीस. या लेखात मी तुझ्या गावाचं नाव लिहिणार नाही आणि तुझ्या तळ्याचंही नाही. हे एका मासिकात छापून येणार आहे. छापून आलं रे आलं की तू अंक आणि पान क्रमांक टिपून घेशील आणि तळ्याच्या लेखाखाली संदर्भ म्हणून लावून मोकळी होशील. मी तुला ओळखते. तू जाऊन महिना होत आला तरी ही धास्ती माझ्या मनातून जात नाही. खरं तर ती जाऊ नये असंच वाटतं, कारण ती गेली की तू गेलीस हे मला मान्य करावं लागेल.

आपली ओळख झाली तीच मुळी पुसण्यावरून. मी हिंगोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. इंटरनेटवर तो खुला ज्ञानकोश आहे ना, ज्यात कुणीही लिहावं आणि कुणीही सुधारावं, त्यात मराठीतून कसं लिहायचं याची एक कार्यशाळा मी लायब्ररीत ठेवली होती. मुलं आली, चहा-बिस्किटं खाल्ली, प्रमाणपत्र हातात धरून फोटो काढले आणि गेली. तू वसमतकडच्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेतली बाई, पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली घेऊन पहिल्या रांगेत बसली होतीस. हात वर करून विचारलंस, "मॅडम, चुकलं तर पुसता येतंय का?" मी म्हटलं, येतं, पण कुणी काय लिहिलं आणि कुणी काय पुसलं हे कायम दिसत राहतं. "मंग फळ्यापेक्षा कडक काम हाय हे," तू म्हणालीस. पुढच्या रविवारी त्या सगळ्या लोकांतून तू एकटी परत आलीस.

मग रविवार आपले झाले. लायब्ररी बंद, किल्ली माझ्याकडे, खिडकीजवळचे दोन कॉम्प्युटर चालू. तू ज्ञानकोशावर नाव घेतलंस 'बांधावरची'. माझं 'ग्रंथपाल२', कारण नुसतं 'ग्रंथपाल' कुणीतरी आधीच पटकावलं होतं. "म्हंजी तू दुय्यम," असं म्हणून तू जी हसलीस, ती पुढं कितीतरी दिवस हसत होतीस. जिल्ह्यातल्या गावांची पानं आपण वाटून घेतली. तू एका बोटानं टाइप करायचीस, पण शुद्धलेखनाची एक चूक सोडायची नाहीस. हळद शिजवायच्या दिवसांत भावाच्या शेतावरून थेट यायचीस तेव्हा तुझी बोटं पिवळी असायची, आणि मग बटणंही. त्या कीबोर्डवर अजून डाग आहेत. परवा शिपाई पुसायला निघाला होता, त्याला मी उगाच दुसरं काम सांगितलं.

माझं लग्न झालं नाही याची आता गावाला सवय झाली आहे आणि मलाही. पण आठवडाभरात कामाशिवाय माझ्याशी बोलणारं माणूस तू एकटीच होतीस, हे तू असताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता रविवारी मी लायब्ररी उघडते, एकच कॉम्प्युटर लावते आणि दुपारचा डबा उभ्यानंच खाते.

कडक तू होतीस, मी नव्हे. एका पुढाऱ्याच्या मंगल कार्यालयाचं पान कुणीतरी तयार केलं होतं, ते तू "जाहिरात" एवढाच शेरा मारून काढायला लावलंस. आणि माझ्या बाबांचं पान? माझ्या बाबांनी चाळीस वर्षं गावात फुकट वाचनालय चालवलं. मी मोठ्या हौसेनं त्यांच्यावर लेख लिहिला. तू तो दोनदा वाचलास, चष्मा काढलास आणि म्हणालीस, "शैले, लई चांगलं लिवलंस. पण संदर्भ कुठाय? कोश आपल्या मायबापाचा न्हाई." मी तासभर कपाटातली पुस्तकं उगाच खालीवर करत राहिले. मग स्वतःच्या हातानं ते पान काढायची विनंती टाकली. तू तुझ्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या झाकणात ठेवलीस. तुझ्यावरचा माझा सगळा विश्वास त्या दुपारचा आहे. आणि तुझ्यावरचा सगळा राग त्यानंतर तू तळ्याचं पान उघडलंस तेव्हाचा.

तळं केवढं, तर गावाला लागून एक पाझर तलाव. सरकारी यादीत त्याला नावसुद्धा नाही, नुसता क्रमांक आहे. तू त्यावर स्वतंत्र लेख लिहिलास. बांध, दगड, कोणते पक्षी येतात, कोणत्या महिन्यात पाणी कुठवर उतरतं. मधोमध एक वाक्य होतं: "बहात्तरच्या दुष्काळात हा तलाव गावातल्या बायांनी बांधला." मी विचारलं, हे कुठं छापलंय? तू म्हणालीस, "माझी आई होती त्या कामावर. मी हुते. झोळीत." मी त्या वाक्यापुढं चौकटी कंसात 'संदर्भ हवा' असं लावलं. तो आपला रोजचा शिक्का, आपण दोघींनी शेकडो वाक्यांपुढं मारलेला. पण तू पडद्याकडं बघत राहिलीस आणि फार हळू म्हणालीस, "माझ्या मायच्या पुढं असं लिवलंस, शैले?"

मी तुझंच वाक्य तुला ऐकवलं. कोश आपल्या मायबापाचा नाही. आज वाटतं, निदान जरा थांबून म्हणायला हवं होतं.

तरी वर्षभर ते पान तसंच राहिलं. तू दर रविवारी म्हणायचीस, "ये की एकदा बघायला. शिरड शहापूरला उतर, भाऊ गाडी घेऊन येतो." मी म्हणायचे, मी बघून काय उपयोग, माझं बघणं संदर्भ होत नाही. नियम म्हणून ते बरोबर होतं. पण मी आले नाही ते नियमामुळं नव्हे. रविवारी तू येतेच आहेस तर आपण कशाला हलावं, एवढाच माझा आळस होता.

मग तो पेपर आला. एका दैनिकाच्या पुरवणीत जिल्ह्यातल्या तलावांवर लेख, आणि त्यात तुझं तळं, बायांसकट. तू तो पेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, इस्त्री केल्यासारखा सरळ ठेवून आणलास. "घे तुझा संदर्भ. छापील हाय." मी वाचला आणि माझं तोंड उतरलं. त्यात लिहिलं होतं, तलाव गावाच्या पश्चिमेला आहे. तळं पूर्वेला आहे, ताई, तूच कितीदा सांगायचीस; लेखातला तो शब्द तोवर आपल्या दोघींच्याही नजरेतून सुटला होता. पश्चिमेला असं जगात फक्त एका ठिकाणी लिहिलेलं होतं, आपल्या लेखात, आणि ते मी लिहिलं होतं. तळं कधी पाहिलं नसताना, नकाशा उलटसुलट धरून, तुझा लेख सुधारते म्हणून. वार्ताहरानं आपलाच लेख उतरवून घेतला होता आणि आपण तोच पेपर त्या लेखाला पुरावा म्हणून लावणार होतो.

मी तो संदर्भ काढला. चर्चापानावर कारण लिहिलं, माझी चूकही लिहिली, आणि खाली मत टाकलं: "स्वतंत्र लेखाइतकी माहिती नाही. गावाच्या लेखात विलीन करा." तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्याच्याखाली लिहिलंस: "ठेवा." मग माझ्याकडं वळून म्हणालीस, "चूक तुझी, अन् शिक्षा माझ्या तळ्याला काहून?" मी म्हटलं, शिक्षा नाही, नियम आहे. तू पेपर घडी घालून पिशवीत ठेवलास, डबा न उघडता उठलीस, आणि साडेचारची गाडी असताना अडीचला निघून गेलीस.

त्यानंतरचे तीन रविवार तू आली नाहीस. मी फोन केला नाही. तूही नाही. मला वाटत होतं मी बरोबर आहे, आणि बरोबर असलेल्या माणसानं आधी फोन का करावा?

एका मंगळवारी दुपारी माझ्या मोबाइलवर 'ताई' असं आलं. मी पुस्तकांची यादी करत होते. मी तो लगेच उचलला नाही. म्हटलं, आल्या का बाईसाहेब शेवटी, वाजू दे जरा. पाच-सहा वेळा वाजू दिला. उचलला तर तुझा भाऊ संजय होता. "मॅडम, ताई गेली. जेवून उठली अन् बसली ती बसलीच. वसमतच्या दवाखान्यापावतर बी नेता आलं न्हाई." मी त्याला काय बोलले ते आठवत नाही. समोरच्या यादीत मी एकच पुस्तक तीनदा लिहून ठेवलं होतं, ते दुसऱ्या दिवशी दिसलं.

पुढच्याच आठवड्यात ज्ञानकोशावर निरोप आला. शेवटचा निर्णय ज्यांच्या हातात असतो ते पुण्याकडचे एक प्रचालक. आपल्या भांडणात ते आधी एवढंच म्हणाले होते की तुम्ही दोघी त्या जिल्ह्यातल्या, तुमचं ठरलं की कळवा. आता लिहीत होते: "'बांधावरची' यांच्याकडून बरेच दिवस उत्तर नाही. विरोध नसल्यास विलीनीकरण करावे काय?" त्यांना काय माहीत. मी उत्तराच्या चौकटीत 'त्या वारल्या' असं लिहिलं आणि पाठवलंच नाही. विरोध नसल्यास, म्हणे. तू समोर नसताना हा वाद जिंकण्याइतकं लाजिरवाणं मला कधी काही वाटलं नव्हतं. आणि नुसत्या दुःखापोटी 'ठेवा' लिहायचं तर बाबांचं पान मी कशासाठी काढलं होतं? आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

तुझ्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी तुझ्या गावी पहिल्यांदा आले. सकाळच्या गाडीनं शिरड शहापूरला उतरले, संजय मोटारसायकल घेऊन आला. तू सांगायचीस अगदी तसंच. घरासमोर मांडव, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी तुझा शाळेतला फोटो, कपाळावर आठ्या घालून काढलेला. वंदना झाली. भोजनदानाला अजून वेळ होता. मग संजयनं आतून एक वही आणली.

"तुमच्यासाठी ठिवली हुती तिनं. इतक्यात सारखी ह्याच्यातच असायची. चार वाजले की निघायची, दिवेलागणीला यायची. म्हन्लं, ताई, मुदतीआधीच रिटायरमेंट घेतलीस, आता कशाला एवढी तकलीफ करून राहिलीस? तर म्हने, शैलीला समदं बराबर लागतंय."

दोनशे पानी वही, पट्टीनं रकाने आखलेले. अनुक्रमांक, नाव, माहेर, काय काम केलं, सही किंवा अंगठा. माती वाहिली. दगड फोडले. पाणी पाजलं. दगड फोडले. पुढं जांभळ्या शाईचे अंगठे, शाळेच्या शिक्क्याच्या पॅडवरचे, ओळीनं पानामागून पान. बाई हयात नसेल तिथं 'मयत' लिहून लेकीची नाहीतर सुनेची सही. गावातल्या आणि तुमच्या वस्तीतल्या बायांची एकच यादी, जशा त्या कामावर एका रांगेत उभ्या असतील तशी. तुझ्या आईच्या नावापुढं 'मयत' आणि तुझी सही, आणि सहीखाली 'मुलगी, झोळीत'.

अबोल्याचे ते तीन आठवडे मी तुझ्या फोनची वाट बघत होते आणि तू दारोदार फिरून माझ्यासाठी संदर्भ गोळा करत होतीस. ताई, अंगठ्यांचा संदर्भ चालत नाही गं. आपण स्वतः जमवलेला पुरावा तर मुळीच चालत नाही. हे तू मला शिकवलं असतंस, इतकं तुला ठाऊक होतं. तरी केलंस. शेवटच्या पानावर, शाळेत तपासणीला साहेब आले की शेरा लिहायला जशी जागा सोडतात, तशी सोडली होतीस: "समक्ष पाहणी करणाराचा शेरा व सही. श्रीमती शैला मॅडम, हिंगोली." खाली कोरी ओळ.

मी संजयला म्हटलं, तळं दाखव.

ऊन अजून तिरपं होतं आणि घरापासून बांधापर्यंत ते समोरून तोंडावर येत होतं. म्हणजे पूर्वच. तळं लहान आहे, ताई. मी मनात धरलं होतं त्याहून लहान. पाणी निम्म्यावर, कडेला चिखलात बगळे, बांधाच्या टोकाशी दोन म्हाताऱ्या बाभळी. एक आजी शेळ्या घेऊन बसल्या होत्या. संजयनं ओळख करून दिली तशा मला खालून वर बघत म्हणाल्या, "तुमीच व्हय त्या कंप्युटरवाल्या बाई? ह्या बाभळीला तिची झोळी हुती बघा. अशा लई झोळ्या, दोन्ही झाडांला. मातीची पाटी टाकून माघारी फिरली की जी बाई येईल ती समद्या झोळ्यांला झोका देऊन जायची. लेकरू कोनाचं हाय ते कोन बघतंय तवा?"

मग त्यांनी आपला अंगठा माझ्यापुढं धरला. "चालला का आमचा अंगठा? ती म्हन्ली हुती, मॅडम बघून सांगतीन."

मी म्हटलं, "चालला, आजी."

इतक्या वर्षांत संदर्भाच्या बाबतीत मी पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तेही तुझ्या तळ्यावर. आजींनी मान हलवली आणि शेळीमागं गेल्या. मी बाभळीखाली बसले, वही मांडीवर घेतली आणि कोऱ्या ओळीवर लिहिलं, "समक्ष पाहिले. तळे गावाच्या पूर्वेस आहे." सही केली, तारीख घातली. मग तिथंच बसून रडले. संजय बिचारा पाठ करून गाडीशी उभा राहिला. वर्षभर तू ये म्हणत होतीस. मला फक्त एकदा गाडीत बसायचं होतं.

मुदत काल संपली. पान विलीन केलं, ताई. प्रचालकांना तू गेल्याचं कळवलं आणि सांगितलं की विरोध आहे, तो तसाच नोंदवून ठेवा, पण माझं मत बदललेलं नाही. तळ्याबद्दल दुसऱ्या कुणी, आपल्याला न विचारता, काही लिहिलेलं नाही. उद्या कुणी ही वही वाचून अभ्यास केला, पुस्तक काढलं, तर पान परत उघडता येईल. म्हणून वही मी लायब्ररीत रीतसर दाखल करून घेतली, तिला दाखल क्रमांक दिला, आणि बाबांच्या वाचनालयातून आलेल्या पुस्तकांच्या कपाटात ठेवली. आता तळ्याचं नाव शोधलं की तुझ्या गावाचं पान उघडतं आणि तळं त्यात खाली चार ओळींत सापडतं. तू केलेले सगळे बदल जुन्या इतिहासात तुझ्या नावानं जागेवर आहेत.

त्या चार ओळींत बायांचं वाक्य मी जसंच्या तसं नेलं आहे. पुढचा 'संदर्भ हवा' हा शिक्काही. असं वाक्य फार दिवस ठेवायचं नसतं, संदर्भ आला नाही तर काढायचं असतं, हे तुला सांगायला नको. पण आपल्या जिल्ह्याच्या पानांवरून अशी वाक्यं काढायचं काम आधी आपण दोघी करायचो आणि आता मी एकटी करते. आजींना मी 'चालला' म्हणून बसले आहे.

तेव्हा सुरुवातीला घातलेली अट तळ्यापुरती मोडते. हा मजकूर काही निःपक्षपाती नाही, लिहिणारी तुझी मैत्रीण आहे, तळं तिनं एकदाच आणि उशिरा पाहिलं आहे, हे सगळं मान्य. तरी छापील आहे. त्याचं नाव झोळीचं तळं. ते गावाच्या पूर्वेला आहे, आणि बहात्तरच्या दुष्काळात ते गावातल्या बायांनी बांधलं.

अंक आणि पान टिपून घे, ताई. लाव संदर्भ. मी खोडणार नाही.